शेवळं आणि काकडं

तनयाने शेवळं चिरून कढईत टाकली आणि पारी ओट्यावर काकडं शोधू लागली. शेवळं म्हणजे रानातले कोंब. त्यात काकडं, ती आंबट हिरवी फळं, घातली नाहीत तर घसा असा धरतो की पाणीसुद्धा उतरत नाही. पेणच्या कॉलेजात आज रानभाज्यांचं प्रदर्शन. अर्ध्या तासात पाहुणे जेवायला बसणार आणि काकडांचा पत्ता नाही.

तनया मात्र खुशीत. भाजी स्टँडच्या कोपऱ्यावरच्या कातकरणीकडून आणली म्हणाली. ती बाई फळंही घ्या म्हणून मागे लागली होती, पण तनया कसली ऐकते!

त्या कोपऱ्यावर एकच कातकरीण बसायची. सगुणा. पारीची आई. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पारी तिथून मैत्रिणींबरोबर तोंड फिरवून जात होती. आईचं लक्ष नसतं, अशी तिने आपली समजूत घातली होती.

आता बोलावं तर पितळ उघडं पडणार. गप्प बसावं तर पाहुण्यांचे घसे सुजणार आणि खापर फुटणार ते भाजी विकणारीवर.

"मॅडम, यात काकडं नाय," शेवटी ती वृंदा मॅडमना म्हणाली. "घसा धरंल सगळ्यांचा."

मॅडमनी कोकम सुचवलं. त्याने भागत नाही म्हणून पारीने मान हलवली. तुला कसं गं ठाऊक, म्हटल्यावर शेजारची आजी सांगते म्हणून तिने ठोकून दिलं. झालं! मॅडमनी दोघींनाच स्कूटीवर पिटाळलं, त्याच बाईकडून काकडं आणा म्हणून.

वाटेत टायर फुटावा, असं पारीला वाटत होतं. आई नावाने हाक मारणार आणि मग संपलंच सगळं. स्कूटी थेट टोपलीपुढे थांबली.

सगुणाने वर पाहिलं. आधी लेकीकडे, मग तिच्या मैत्रिणीकडे. पदर सावरून तिने नजर खाली घातली.

"काय देऊ ताई तुमाना?"

म्हणजे आईला सगळं कळत होतं. दोन वर्षं, रोज. पारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती टोपलीपाशी खाली बसली.

"मला ताई नको म्हणू गो, आये," ती म्हणाली. "काकडं दे."