बुजवलेली नळी

रोममध्ये जमीन खणली की काहीतरी निघतंच. ओरेस्ते बाळाच्या खोलीसाठी तळमजल्याची जुनी जमीन उकरत होता, तर प्राचीन थडगं निघालं. हातभर लांब, कौलांनी झाकलेलं. वरून आत गेलेली एक मातीची नळी होती. त्या काळी आईबाप अशा नळीतून मेलेल्या तान्ह्याला दूध पाजत.

"पुरातत्त्ववाल्यांना कळवू या," त्याची बायको एर्सिलिया म्हणाली.

"कळव की. वर्षानुवर्षं काम बंद ठेवतील. मग बाळाला काय बाल्कनीत वाढवणारेस?"

त्यानं नळीत सिमेंट भरलं, तेव्हा बॅटरीही तिनंच धरली होती.

आज भर दुपारी बाळाला पहिल्यांदाच त्या खोलीत आणलं. त्यानं दुधाची अख्खी बाटली संपवली आणि भुकेनं रडू लागलं. दुसरीही संपवली. रडणं थांबेना.

"नळी बुजवायला नको होती," नव्या फरशीकडे बघत एर्सिलिया पुटपुटली.

"गॅस झाला असेल." तिची नजर चुकवत ओरेस्तेनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या पाठीवर हळूहळू थोपटलं.

ढेकर आला. फरशीखालून.