नळीचं तोंड बोळाकडे

"थंड कितलं करस ते ऱ्हाऊ दे," हिंमतराव दुकानदाराला म्हणाले. "मांगथून गरम हवा कितली फेकस, ते सांग."

नंदुरबारच्या त्या दुकानात शिवाजीशेठनं आजवर बरेच एसी विकले होते, पण हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. त्यानं चाकांवरचे दोन एसी पुढे ओढले. एक लहान, एक मोठा. दोन्हींच्या पाठीला हत्तीच्या सोंडेसारखी जाड नळी.

"खोलीतली उष्णता या नळीतून बाहेर जाते काका. नळी खिडकीतून काढायची, उरलेली फट बंद करायची. भिंत फोडायची गरज नाही."

हिंमतरावांना नेमकं हेच हवं होतं. धानोऱ्याच्या घराची वाटणी झाली तेव्हा पंचांनी ठरवून दिलं होतं, की मधल्या बोळाकडच्या भिंतीत दोघा भावांपैकी कुणी खिळासुद्धा ठोकायचा नाही. नळीबद्दल पंच काही बोलले नव्हते. आणि बोळाच्या पलीकडे, बरोबर खिडकीसमोर, धाकट्या रूपचंदची पडवी होती. पडवीत त्याची खाट.

त्या वाटणीतच रूपचंद चारचौघांत बोलून गेला होता, "भाऊनी मले फसाडं." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रूपचंद स्वतःहून इकडच्या उंबऱ्यावर येऊन 'भाऊ' म्हणत नाही तोवर त्याच्याशी बोलायचं नाही, अशी हिंमतरावांनी आण घेतली होती. लहानपणी एका ताटात जेवलेला भाऊ समोरून मान खाली घालून जायचा, तेव्हा हाक अगदी ओठांवर यायची. पण आण म्हणजे आण. येत नाही म्हणतोस? तापवतो, म्हणजे येशील.

"मोठाच द्या," मागून दगूबाई म्हणाल्या. "जो जास्त गरम फेकी, तोच."

हिंमतरावांनी चमकून बायकोकडे पाहिलं. जन्मभर 'जाऊ द्या ना, धाकला शे तो' म्हणणारी बाई आज एकदाची शुद्धीवर आली होती! त्यांना इतकं बरं वाटलं, की घासाघीस करायचंही राहून गेलं.

एसी घरी आला. सारा जन्म कूलरपुढे काढलेल्या हिंमतरावांनी आधी दारं-खिडक्या सताड उघडल्या. खोली थंड व्हायचं नाव घेईना. दगूबाईंनी दार लावलं, खिडकीच्या फटीत जुनी गोधडी कोंबली आणि नळीचं तोंड नीट पलीकडच्या पडवीवर धरलं.

"जराशी खाले," त्या म्हणाल्या. "हां. आते बरोबर."

दिवस चमत्कारिक होते. भर एप्रिलात अवकाळी पाऊस येऊन गेला होता. त्यानं गावातल्या घराघरांची, वर्षाच्या तिखटासाठी वाळत घातलेली मिरची भिजवली होती. आभाळ काही हटत नव्हतं. ऊन नाही, वारा नाही, नुसता घामाचा उकाडा.

"आपली मिरचीनं काय व्हयनं?" हिंमतरावांनी मध्येच एकदा विचारलं.

"ते मी पाही लेसू. तुम्ही थंडामा पडी ऱ्हा."

ते पडून राहिले. दुसऱ्याच दिवशी रूपचंदनं खाट उचलून आत नेली. फटीतली गोधडी जरा सरकवून ते पाहताच हिंमतरावांनी मिशीला पीळ दिला. मग त्यानं सगळ्या पडवीला ताडपत्री बांधली.

"झळ लागी ऱ्हायनी त्याले!" हिंमतराव मांडीवर थाप मारून म्हणाले.

"लागूच दे," दगूबाई म्हणाल्या.

पुढे पलीकडून शिंका ऐकू येऊ लागल्या. आधी रूपचंदच्या, मग त्याच्या बायकोच्या, मग साऱ्या घराच्या. एकदा तो दुकानापाशी दिसला, तर डोळे लालभडक आणि गालांवरून पाणी वाहत होतं. हिंमतराव घरी आले ते जवळजवळ नाचतच.

इकडे त्यांची स्वतःची दशा काही फार सुखाची नव्हती. एसी बंद करणं म्हणजे माघार घेणं. म्हणून एप्रिलच्या उकाड्यात ते दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होते. गुडघे आखडले, नाक गळायला लागलं. जरा कमी करू का म्हणून हात लावला, की दगूबाई ओरडायच्या, "ऱ्हाऊ द्या ना, आते कुठे रंग चढी ऱ्हायना!" एसीच्या टाकीत पाणी साचलं की यंत्र आपोआप थांबतं, असं शिवाजीशेठनं बजावलं होतं. दगूबाई ते पाणी न चुकता उपसत होत्या. बायकोची ही साथ पाहून हिंमतरावांना भरून यायचं. इतक्या वर्षांत एवढं एकमत त्यांचं कधी झालं नव्हतं.

आणि एका संध्याकाळी रूपचंद आला.

ओट्यावर गावातली चार माणसं गप्पा मारत होती. त्यांच्या देखत तो आला आणि उंबऱ्यापाशी उभा राहिला. डोळे सुजलेले, नाक लाल.

"भाऊ," तो म्हणाला.

ओट्यावरच्या चौघांनी माना वळवल्या. हिंमतरावांना वाटलं, गावभर वाजंत्री लावावी. आण खरी झाली होती, तीही साक्षीदारांसमोर. छाती फुगली. किती वाट पाहिली होती या एका शब्दाची! गोधडी भिरकावून ते उठले आणि त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. जिंकणाऱ्यानं मन मोठं करावं.

"बस, समजनं मले. बहू सोसं रे तू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आते ती नळी काढीच टाकस."

रूपचंद घाबरून मागे सरकला.

"नही नही भाऊ, तुमना पाय पडस, अजून दोन दिन ऱ्हाऊ द्या! मन्ही मिरची वाळी गई, पण वहिनीनी आजच पडवीमा पसारेल शे."