कोरडा पेपर

खडकावर आपटून फुटलेली लेकीची लाकडी कयाक मी घरीच दुरुस्त करायला घेतली, तेव्हा सुतारकामात हयात गेलेले सासरे म्हणाले, “सूनबाई, काळजी करण्यातून वेळ मिळाला वाटतं!” तडकलेली फळी कापून काढली, नवा तुकडा तासून बसवला, वर लेप दिला. पण लेकीला तळ्यात सोडायचा धीर होईना. म्हणून कयाक दोन स्टुलांवर ठेवली, खाली आजचा पेपर अंथरला आणि पाणी आतच ओतलं, ठिगळ बुडेपर्यंत. “होडी पाण्यात घालतात, पोरी. तू पाणीच होडीत घातलंस!” सासरे हसले. संध्याकाळपर्यंत शंभरदा वाकून पाहिलं. मग तेही वाकले. ठिगळावरून अंगठा फिरवला, खालचा पेपर ओढला, चष्मा लावला आणि वाचत बसले. कोरडाठाक कागद फडफडला. “आजोबा, जाऊ तळ्यावर?” लेकीनं विचारलं. पेपराआडून उत्तर आलं, “खुशाल जा. आईच्या हातची होडी आहे.”