चाचणीची गोळी

ऊन आधी स्वयंपाकघरातल्या नळावर आलं, तिथून सावकाश ओट्यावर उतरलं, उपड्या घातलेल्या एकाच कपाच्या कडेवर क्षणभर थबकलं आणि अखेरीस टेबलावर, रिकाम्या खुर्च्यांपुढे, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं पसरून राहिलं. ऑरिन पेल्की टाय बांधता बांधता त्याच्याकडे पाहत होता.

दहा वाजता हार्टफर्डला विधिमंडळाच्या समितीपुढे त्याची साक्ष होती. शहरांतल्या खुनांची भरपाई पिस्तुलं बनवणाऱ्या कंपन्यांकडून मागता यावी, असा कायदा येऊ घातला होता. तो झाला, की गावातल्या पिस्तुलांच्या कारखान्याला टाळं आणि चारशे घरं उघड्यावर. ऑरिन तिथे एकोणीस वर्षं चाचणी विभागात होता.

"पाठ आहे ना?" गाडीत कंपनीचे वकील ब्रुबेकर यांनी विचारलं.

"शस्त्रात दोष नसतो. दोष चालवणाऱ्याचा."

"शाब्बास! आणि मेलेल्यांचे फोटो घेऊन बसलेल्यांकडे बघू नकोस. विरघळशील."

सभागृहात दुसऱ्या रांगेत एक बाई मांडीवर एका मुलीचा फोटो धरून बसली होती. ऑरिननं यंत्रातून कॉफी आणून तिच्यापुढे धरली. बिनदुधाची, दोन साखरेची.

"अजून त्यांचंच गाणं गाणार?" तिनं वर न बघता विचारलं.

"चारशे घरं आहेत, लोरीन."

"एक माझंही होतं."

साक्ष सुरू झाली. पाठ केलेलं वाक्य त्यानं न अडखळता म्हटलं. समितीच्या अध्यक्षा ऑस्ट्रँडरबाईंनी मान डोलावली.

"पिस्तूल बाहेर पडण्याआधी तुम्ही काय करता?"

"एक गोळी झाडून बघतो. रिकामं काडतूस लिफाफ्यात घालतो, वर सही करतो. तो लिफाफा पिस्तुलाबरोबर दुकानात जातो."

ऑस्ट्रँडरबाईंनी एक लिफाफा पुढे सरकवला. "हा मार्चमधल्या खुनातल्या पिस्तुलाचा. दुकानात सापडला. सही कुणाची?"

ब्रुबेकर अर्धवट उठले.

"पोलिसांनी दाखवला होता," ऑरिन म्हणाला. "तेव्हा चष्मा नव्हता जवळ."

"आज आहे की नाकावर."

त्यानं लिफाफा हातात घेतला. घाईनं खरडलेलं नाव, अखेरच्या अक्षराला ओढलेली लांब शेपटी. सभागृहात कुणीतरी खोकलं. दुसऱ्या रांगेतली बाई आता थेट त्याच्याकडे बघत होती.

"मिस्टर पेल्की?"

"माझी," तो म्हणाला. "आमच्या लेकीला, डेलाला, ज्या पिस्तुलानं मारलं, त्यातली पहिली गोळी मी झाडली होती."