क्वार्टरमागचं तळं

तीन वर्षांनी नवऱ्याची पुन्हा चंदीगडला बदली झाली, तेच क्वार्टर मिळालं, आणि खोकी तशीच टाकून शशिकला मागच्या तळ्याकडे धावली. पाणी कुठे दिसेचना. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती जलपर्णी. म्हातारे गुरमेल माळी कमरेइतक्या चिखलात उभे राहून ती उपटत होते.

"जितनी निकालो मॅडमजी, पंद्रह दिन में फिर उतनी. आधा तालाब ये पत्ते पी गए, मछलियाँ भी गईं. पता नहीं किसने लाकर डाली!"

शशिकला घरी परतली. नवरा खोकी उघडत होता.

"मागच्या वेळी निघताना कचऱ्यात टाकवेना म्हणून तळ्यात सोडलं होतंस ना, तुझ्या टबातलं ते जांभळ्या फुलांचं रोप? जगलं का गं?"

"जगलं," ती म्हणाली.