नाशपातीपुरतं

फोनच्या पडद्यावर सून दिसली तसं आईनं वडिलांपुढे वही सरकवली. "विचारा."

वडिलांनी चष्मा चढवला. मुलाला जाऊन अकरा दिवस झाले होते. आजवर सुनेचं जपानी यांना आणि यांचं मराठी तिला तोच समजावून सांगायचा. आता मध्ये कुणीच नव्हतं. तो आजारी पडला तेव्हा वडिलांनी जपानीची शिकवणी लावली होती. तहान लागल्यावर विहीर खणतात, त्यातला प्रकार. जेमतेम चार धडे झाले. चौथा फळांचा. त्यातही बाईंनी नाशपातीच घोटून घेतली: नाशपाती गोल आहे, नाशपातीत पाणी भरपूर, मी नाशपाती सोलतो.

आईला एकच हवं होतं. शेवटी तो काही बोलला का? अकरा दिवसांत ती रडली नव्हती. भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा घासायची. पण वहीत 'शेवटी' नव्हतं. वडिलांनी पानं दोनदा उलटली.

"त्यानं नाशपाती खाल्ली?" त्यांनी जपानीत विचारलं.

सून बघत राहिली. मग लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगू लागली. सकाळी. मी सोलली. एक फोड. बोटांनी तिनं फोडीचा आकार दाखवला. गोड, म्हणाला. मग तळहात गालाखाली धरून डोळे मिटले.

"काय म्हणतेय?"

"एक फोड खाल्ली. गोड आहे म्हणाला. मग झोपला."

"नक्की कळलं तुम्हाला?"

"नाशपातीचं होतं. तेवढं येतं मला."

लहानपणी हा फळ दिसलं की पळून जायचा, असं आई भिंतीकडे बघत म्हणाली. लग्न झाल्यापासून या मुलीशी ती स्वतःहून बोललीच नव्हती. भाषेचं निमित्त आयतंच होतं.

"तिला विचारा, तिनं काही खाल्लंय का."

वडिलांना 'काही' येत नव्हतं. तू नाशपाती खाल्लीस का, एवढंच त्यांनी विचारलं.

सुनेनं नकारार्थी मान हलवली. उठून गेली. परत आली ती सुरी आणि नाशपाती घेऊन. कॅमेऱ्यासमोर बसून तिनं ती सोलली, फोडी केल्या आणि एकेक खाऊ लागली. चव लागत नसावी. दोघं नुसते बघत बसले. एक फोड उरली तेव्हा तिनं बशी बाजूला सारली.

आई पडद्याजवळ सरकली.

"तेवढी टाकू नकोस गं," ती मराठीतच म्हणाली.

सुनेनं बशी पुन्हा पुढे ओढली.