दुश्मनाचं चाक

"तुझं चाक काढून दे तिला!" कानातल्या रेडिओवर आमचे कोच घोरपडे सर ओरडले. आंबोली घाटातल्या शर्यतीत आमच्या कॅप्टनची सायकल पंक्चर झाली होती आणि सरांची गाडी मागं अडकली होती. कॅप्टन थांबता कामा नये, हा संघाचा नियमच. मी मुकाट्यानं माझं पुढचं चाक तिच्या सायकलला बसवलं. मागं वळूनही न बघता ती सुटली.

थोड्या वेळानं गाडी आली, टपावर जादा चाकं मिरवत. मी हात केला.

"ती चाकं तिला लागतील!" खिडकीतून एवढंच ओरडून सर निघूनही गेले.

थांबली ती सांगलीच्या संघाची गाडी. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं पाण्यात पाहिलं, त्यांच्याच कोचबाईंनी रस्त्यावर गुडघे टेकून मला चाक बसवून दिलं. "जा पोरी, शर्यत अर्धी सोडायची नसते."

मी शेवटून दुसरी पोचले. कॅप्टनच्या गळ्यात हार होता. सर माझ्याच अंगावर धावून आले. "दुश्मनाचं चाक लावून आलीस? लाज नाही वाटली?"

"वाटली की! चाकाची नाही, अंगावरच्या या जर्सीची."